कोकण रेल्वेवरचं क्रॉसिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या आधी आणि शिमग्याच्या सुमाराला एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येत राहते: "स्टेशन नाही, पाऊस नाही, काही बिघाड नाही, मग गाडी रानात अर्धा तास का उभी होती?" बहुतेक वेळा याचं उत्तर एका शब्दाचं असतं, क्रॉसिंग. पण तेवढ्याने समाधान होत नाही आणि पुढचे प्रश्न सुरू होतात. ते प्रश्न लोकांनी विचारले त्याच भाषेत इथे ठेवले आहेत. भर कोकण रेल्वेवर आहे, कारण एकेरी मार्ग काय असतो हे आपल्याकडे सगळ्यात जास्त तिथेच अनुभवायला मिळतं.

१. क्रॉसिंग म्हणजे नेमकं काय? फाटकाला क्रॉसिंग म्हणतात ना?

फाटक म्हणजे लेव्हल क्रॉसिंग. तिथे रस्ता रुळांना ओलांडतो. रूळच रुळांना काटकोनात छेदतात, त्याला डायमंड क्रॉसिंग म्हणतात. नागपूरचं त्यासाठी प्रसिद्ध आहे. प्रवासी "गाडी क्रॉसिंगला थांबली" म्हणतात तेव्हा अर्थ तिसराच असतो. एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांनी स्थानकात एकमेकींना वाट देणं, हे ते क्रॉसिंग. एक गाडी बाजूच्या रुळावर, म्हणजे लूपवर, उभी राहते आणि दुसरी मुख्य रुळावरून निघून जाते.

मागून येणाऱ्या वेगवान गाडीला पुढे जाऊ देण्यासाठी तुमची गाडी बाजूला घेतली, तर ते क्रॉसिंग नव्हे. रेल्वेवाले त्याला प्रिसीडन्स म्हणतात, आपण ओव्हरटेक म्हणतो. डब्यात बसून दोन्ही सारखेच वाटतात, पण प्रतीक्षेचं गणित वेगळं असतं (प्रश्न ८).

२. कोकण रेल्वे एकेरीच का? दुहेरी करायला काय हरकत आहे?

रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग १९९८ मध्ये सलग सुरू झाला. त्यावर ९१ बोगदे आहेत आणि ते एकेका रुळापुरतेच खोदलेले आहेत. उक्शी आणि भोके यांच्यामधला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. दुसरा रूळ टाकायचा तर त्याच्या शेजारी तेवढाच बोगदा नव्याने खोदावा लागेल. पुलांचं आणि डोंगर कापून केलेल्या कटिंगांचंही तेच. म्हणून जिथे जमीन त्यातल्या त्यात सोपी होती तिथे आधी काम झालं. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा तुकडा ऑगस्ट २०२१ मध्ये दुहेरी झाला. वीरच्या पुढे दक्षिणेकडे अजून एकेरी रूळच आहे.

मधला उपाय म्हणून नवी क्रॉसिंग स्थानकं बांधली गेली: सापे वामने, कळंबणी, कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, अचिर्णे. यातल्या काही ठिकाणी मोजक्याच गाड्या थांबतात, म्हणून "एवढ्याशा स्टेशनवर एवढा खर्च कशाला" असं लोक विचारतात. तो खर्च तिथे न थांबणाऱ्या गाड्यांसाठीही आहे. वीस किलोमीटरच्या अंतरात मध्ये एक लूप आला की समोरच्या गाडीची वाट पाहण्याचा जास्तीत जास्त वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो. माझ्या मते कोकणातल्या प्रवाशाला या लहान स्थानकांनी जेवढं दिलं, तेवढं एखाद्या नव्या गाडीनेही दिलं नसतं.

३. कोणती गाडी थांबणार हे कोण ठरवतं? स्टेशन मास्तर की ड्रायव्हर?

दोघेही नाहीत. निर्णय कंट्रोल ऑफिसमधल्या सेक्शन कंट्रोलरचा असतो. त्याच्यासमोर एक आलेख असतो. आडवा वेळ, उभी स्थानकं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. मुंबईकडून येणाऱ्या रेघा एका बाजूला कललेल्या, मुंबईकडे जाणाऱ्या दुसऱ्या. दोन रेघा जिथे छेदतात तिथे त्या गाड्यांची गाठ पडणार. एकेरी मार्गावर तो छेद स्थानकाच्या रेघेवरच पडला पाहिजे, दोन स्थानकांच्या मधल्या कोऱ्या जागेत पडून चालत नाही. पूर्वी हा आलेख कागदावर पेन्सिलीने काढत, आता संगणकावर निघतो, पण काम तेच आहे. एक गाडी दहा मिनिटं उशिरा आली की तिचे पुढचे सगळे छेद सरकतात आणि कंट्रोलरला सगळी मांडणी पुन्हा करावी लागते.

स्टेशन मास्तर तो निर्णय अमलात आणतो. सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे रुळांचे सरकते तुकडे) फिरवणं, सिग्नल देणं, शेजारच्या स्थानकाकडून लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची संमती, घेणं हे त्याचं काम. म्हणून फलाटावर उतरून त्याच्याशी भांडण्यात अर्थ नसतो. गाडी त्याने अडवलेली नसते.

४. दरवेळी साधी गाडीच का अडकते? राजधानी आणि वंदे भारत कधीच थांबत नाहीत.

प्राधान्याचा क्रम असतो. अपघातस्थळी निघालेल्या मदतगाडीपुढे कोणीच नाही. राष्ट्रपतींची विशेष गाडी असेल तर ती वरच्या क्रमांकात. मग राजधानी, वंदे भारतसारख्या गाड्या, त्यानंतर मेल-एक्स्प्रेस, मग पॅसेंजर, शेवटी मालगाडी. दिवा–सावंतवाडीने जाणाऱ्यांना हा क्रम तोंडपाठ असतो.

तरीही क्रम म्हणजे लोखंडी नियम नव्हे. पॅसेंजर लूपपासून चार किलोमीटरवर असेल आणि एक्स्प्रेस वीस किलोमीटरवर, तर पॅसेंजरला पुढच्या स्थानकापर्यंत काढून घेणंच शहाणपणाचं. लांबच लांब मालगाडी चढावर उभी केली तर पुन्हा हलवताना वेळ जातो, म्हणून कधीकधी एक्स्प्रेसच दोन मिनिटं थांबते. शिवाय विशेष गाड्यांना नेहमीच्या गाड्यांच्या फटींमधून वाट काढावी लागते. "गणपती स्पेशल" सर्वांत जास्त रखडते ती यामुळे. तिच्यातून गावी जाणाऱ्या माणसाची घाई इतरांपेक्षा कमी नसते, याची मला दरवर्षी हळहळ वाटते.

५. समोरची गाडी निघून गेली, तरी आमची लगेच का सुटली नाही?

ती संपूर्ण गेली का, याची खात्री व्हावी लागते. शेवटच्या डब्यामागे पिवळी पाटी असते, तिच्यावर रोमन लिपीत एल-व्ही अशी अक्षरं असतात, अर्थ "शेवटचं वाहन". रात्री त्याच जागी लाल दिवा लुकलुकतो. ती पाटी किंवा दिवा दिसला म्हणजे गाडीचा एकही डबा मागे सुटून रुळावर राहिलेला नाही. काही ठिकाणी हेच काम आता रुळाला बसवलेलं यंत्र करतं. आत गेलेले आणि बाहेर आलेले आस मोजून ते आकडा जुळवतं.

त्यानंतर मागचा भाग मोकळा झाल्याचं शेजारच्या स्थानकाला कळवायचं, तुमच्या गाडीसाठी त्यांच्याकडून लाइन क्लिअर घ्यायची, सांधे फिरवायचे आणि मग सिग्नल. सगळं सुरळीत झालं तरी दोन-तीन मिनिटं जातात. ही मिनिटं वाया गेलेली नसतात. प्रश्न ११ मध्ये त्यांचं मोल कळेल.

६. स्टेशन समोर दिसतंय आणि गाडी बाहेरच सिग्नलला उभी. आत घेऊन थांबवली तर काय बिघडतं?

समजा दोन्ही गाड्या एकाच वेळी आत येताहेत आणि त्यातल्या एकीचा ब्रेक किंचित कमी लागला. ती आपल्या सिग्नलच्या थोडी पुढे सरकली, तर दुसरीच्या वाटेत जाईल. म्हणून सिग्नलच्या पुढे काही मोकळी जागा राखावी लागते. रंगीत दिव्यांच्या आधुनिक सिग्नलांवर ती साधारण १२० मीटर असते. जिथे ती जागा नसते तिथे गाड्या एकामागून एक आत घेतात. पहिली पूर्ण आत येऊन उभी राहिली की मगच दुसरीला सिग्नल मिळतो. तुमची दुसरी असेल तर तुम्ही बाहेर थांबता.

काही स्थानकांत लूपच्या टोकाला रुळांवर वाळूचा उंचवटा केलेला असतो, किंवा न थांबता पुढे सरकलेली गाडी बाजूला नेणारा छोटा आंधळा, म्हणजे पुढे बंद असलेला, रूळ असतो. तिथे दोन्ही गाड्या एकदम आत घेता येतात. खिडकीतून तो वाळूचा ढिगारा दिसला तर बांधकामाचं सामान पडलंय असं समजू नका.

७. एका क्रॉसिंगला किती वेळ जातो?

अगदी जुळून आलं तरी पाच-सहा मिनिटं. लूपचे सांधे बहुतेक ठिकाणी ताशी ३० किलोमीटर वेगाचे असतात, जुने ताशी १५ चे. शंभरच्या वेगाने येणारी गाडी तेवढी हळू करायची, लूपमध्ये उभी करायची आणि निघताना शेवटचा डबा सांध्यांवरून बाहेर पडेपर्यंत पुन्हा ३० नेच चालवायची. समोरची गाडी त्याच क्षणी येऊन गेली तरी एवढा वेळ लागतोच.

न जुळलेलं क्रॉसिंग वेगळं. पुढचं स्थानक १२ किलोमीटरवर आहे आणि तुमची गाडी लूपमध्ये शिरताना समोरची तिथून नुकतीच निघाली आहे, असं धरा. सरासरी ताशी ६० ने तिला १२ मिनिटं लागतील. त्यात प्रश्न ५ मधली दोन-तीन मिनिटं मिळवा. म्हणजे पंधरा मिनिटांचा थांबा हा कोणाच्या ढिलाईचा नसतो, साधा भागाकार असतो.

८. एक गाडी गेली, दुसरी गेली, मग मागून येऊन तिसरीही पुढे गेली. आम्ही चाळीस मिनिटं तिथेच. हे कसं?

तुमच्या वाट्याला दोन क्रॉसिंग आणि एक ओव्हरटेक एकदम आले. ओव्हरटेक महाग पडतो, कारण पुढे गेलेली गाडी आता तुमच्याच दिशेने तुमच्या पुढे धावते आहे. ती पुढच्या स्थानकापर्यंत पोचून रूळ मोकळा होईपर्यंत तुम्हाला सोडता येत नाही. त्या मोकळ्या झालेल्या रुळावर समोरून आणखी एक गाडी तयार असेल, तर तिचा नंबर आधी लागू शकतो.

दुसरं कारण जागेचं. लहान स्थानकात एक मुख्य रूळ आणि एक किंवा दोन लूप एवढंच असतं. सगळे रूळ भरले तर त्या स्थानकात आणखी कोणी येऊ शकत नाही, आणि शेजारच्या दोन्ही स्थानकांतही तीच स्थिती असेल तर कोंडी होते. ती टाळायला कंट्रोलर दूरच्या स्थानकात, मोकळा लूप असेल तिथेच गाडी आधी धरून ठेवतो. म्हणून कधीकधी समोरून काहीच न येता तुम्ही वीस मिनिटं उभे असता. तुमचं क्रॉसिंग तीन स्थानकं पलीकडे चाललेलं असतं.

९. पावसाळ्यात हे प्रमाण वाढतं, असं का?

वेग कमी होतो म्हणून. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळंच असतं. बरीच वर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. दरडींच्या भीतीने वेग बांधलेले असतात आणि मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं तर ताशी ४० च्या वर जायचं नाही असा दंडक आहे. प्रश्न ७ मधला भागाकार ४० ने करून पाहा. बारा मिनिटांची अठरा होतात. वेळापत्रकात हे धरलेलं असतं, पण एखाद्या दिवशी पाऊस जास्तच झाला की सगळे छेद एकदम सरकतात. गणेशोत्सव नेमका याच महिन्यांत येतो आणि जादा गाड्याही त्याच रुळावर येतात.

१०. खिडकीतून कसं ओळखायचं की आता क्रॉसिंग आहे?

आधी वेग अचानक उतरतो. मार्ग वळणावर असेल तर पुढचा सिग्नल दिसतो. पिवळा दिवा आणि त्याच्या वर पाच पांढऱ्या दिव्यांची तिरकी ओळ, म्हणजे गाडी बाजूच्या रुळावर जाणार. मग सांधे ओलांडताना डबा एका अंगाला झोल खातो आणि खडखडाट होतो. झोल गेला नाही आणि तरी गाडी थांबली, तर तुम्ही मुख्य रुळावर आहात आणि समोरची लूपमध्ये यायची आहे.

समोरून गेलेली गाडी कोणती हे क्रमांकावरून निम्मं कळतं. मुंबईहून कोकणाकडे जाणारीचा क्रमांक विषम असतो, मुंबईकडे परतणारीचा सम. मांडवी जाताना १०१०३, येताना १०१०४.

११. एकाच रुळावर दोन्ही बाजूंनी गाड्या. टक्कर कशामुळे होत नाही?

मूळ नियम साधा आहे: दोन स्थानकांच्या मधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी. पलीकडच्या स्थानकाची संमती आल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही, आणि ही संमती तोंडी नसून यंत्रांत गुंतवलेली असते. दोन्ही स्थानकांतली यंत्रं विजेने एकमेकांशी बांधलेली असतात. एका बाजूने गाडी सोडण्यासाठी मार्ग घेतला की दुसऱ्या बाजूचा शेवटचा सिग्नल हिरवा होऊच शकत नाही. स्थानकाच्या आतही सांधे आणि सिग्नल असेच एकमेकांत अडकवलेले असतात.

ही साखळी तुटली की काय होतं, ते दोन अपघातांनी दाखवलं. २ ऑगस्ट १९९९ ला पश्चिम बंगालमधल्या गैसल इथे अवध आसाम एक्स्प्रेस आणि ब्रह्मपुत्रा मेल समोरासमोर आदळल्या. मार्गावर काम चालू होतं आणि सिग्नल यंत्रणेतल्या चुकीमुळे दोन्ही गाड्या एकाच रुळावर आल्या. किमान २८५ माणसं गेली. २ जून २०२३ ला ओडिशात बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेसला सिग्नल सरळ जाण्याचा होता, पण सांधे लूपकडे वळलेले होते आणि लूपमध्ये मालगाडी उभी होती. धडकेनंतर उडालेले डबे शेजारून जाणाऱ्या बंगळुरू–हावडा गाडीच्या शेवटच्या डब्यांवर पडले. २९० हून अधिक मृत्यू झाले. चौकशीत कारण निघालं ते सिग्नलच्या जोडण्यांच्या कामातल्या चुकांचं.

गाड्यांना एकमेकींची चाहूल देऊन आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रावर आपल्या देशात पहिलं मोठं काम कोकण रेल्वेनेच, तिथले अभियंते बी. राजाराम यांच्या पुढाकाराने केलं. त्याचं नाव "रक्षा कवच" होतं. आज बसवलं जात असलेलं "कवच" ही त्याहून निराळी, नंतर विकसित झालेली यंत्रणा आहे. नावं जवळची असल्याने दोन्हींची गल्लत होते.

१२. लहानपणी स्टेशन मास्तर ड्रायव्हरला मोठी कडी देताना पाहिलंय. ते काय होतं?

तो टोकनचा गोळा. पोलादी गोळा चामड्याच्या पिशवीत, आणि पिशवी मोठ्या गोल कडीला बांधलेली. कडी मोठी, कारण चालत्या गाडीतून हात घालून ती झेलता यावी. दोन स्थानकांमध्ये गोळ्यांच्या यंत्रांची जोडी असे. एका यंत्रातून एक गोळा बाहेर निघाला की तो पुन्हा कुठल्यातरी टोकाच्या यंत्रात पडेपर्यंत दुसरा निघत नसे. हातात गोळा म्हणजे पुढचा रूळ तुझा, गोळा नाही तर पाऊल टाकायचं नाही. आताची यंत्रणा गोळ्याशिवाय चालते, पण कल्पना हीच आहे. रात्री कंदील हातात धरून, पावसात भिजत, धडधडत जाणाऱ्या इंजिनाकडे कडी उंचावून उभा असलेला रेल्वेचा माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला या कामाबद्दल वेगळं सांगावं लागत नाही.

१३. क्रॉसिंगला गाडी थांबली की उतरून पाणी भरायला किंवा घर जवळ असेल तर सरळ घरी जायला काय हरकत आहे?

कृपा करून हे करू नका. लूपला फलाट असेलच असं नाही. डब्याच्या पायरीपासून खडीपर्यंतचं अंतर अंधारात फसवं असतं. त्याहून मोठा धोका म्हणजे गाडी ज्या कारणासाठी थांबली आहे ते कारणच शेजारच्या रुळावरून पूर्ण वेगात येणार असतं. लोक नेमके त्याच बाजूला उतरतात, कारण ती बाजू मोकळी आणि सपाट दिसते. आता मार्गाचं विद्युतीकरण झालं आहे आणि विजेच्या इंजिनाचा आवाज डिझेलइतका दुरून येत नाही. जुन्या सवयीच्या कानांना तो उशिरा कळतो.

सुटताना गाडी प्रवाशांसाठी शिट्टी मारून थांबून राहत नाही. तिचा तो अधिकृत थांबाच नसतो. रूळ ओलांडणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि घर जवळ आलं म्हणून साखळी ओढणं कलम १४१ खाली.

१४. दुहेरी मार्गावर समोरची गाडी इतक्या जवळून जाते की हात लागेल असं वाटतं. खरं अंतर किती असतं?

दोन रुळांच्या मध्यांमधलं अंतर जुन्या मार्गांवर ४.७२५ मीटर, नव्या कामांत ५.३ मीटर. डबा सुमारे सव्वातीन मीटर रुंद. म्हणजे दोन गाड्यांच्या अंगांमध्ये जुन्या मार्गावर दीड मीटरही नाही, नव्यावर दोन मीटरच्या जरा वर. वळणावर लांब डब्याचा मधला भाग आत झुकतो आणि टोकं बाहेर जातात, म्हणून तिथे अंतर वाढवलेलं असतं.

दारात लटकणाऱ्याने हा हिशेब स्वतःच्या शरीरासकट करावा. दारातून बाहेर झुकलेलं माणूस सहज अर्धा मीटर जागा खातं, आणि समोरच्या गाडीतही कोणी तसाच झुकलेला असू शकतो.

१५. समोरची गाडी खिडकीसमोरून जायला किती सेकंद लागतात?

बावीस एलएचबी (नव्या बनावटीचे) डबे आणि इंजिन मिळून साधारण ५५० मीटर. दोन्ही गाड्या ताशी ११० ने धावत असतील तर एकमेकींच्या सापेक्ष वेग २२०, म्हणजे सेकंदाला ६१ मीटर. तुमच्या खिडकीसमोरून ती नऊ सेकंदांत जाईल. तुम्ही लूपमध्ये उभे असाल तर अठरा सेकंद. शाळेत "विरुद्ध दिशेने जाणाऱ्या दोन आगगाड्या" सोडवताना दोघींची लांबी मिळवायची असते, कारण तिथे एका गाडीने दुसरीला पूर्ण पार करणं विचारलेलं असतं. खिडकीतल्या माणसासाठी फक्त समोरच्या गाडीची लांबी धरायची. मुलांना हे गाडीतच घड्याळ लावून करायला द्या. पुस्तकापेक्षा पक्कं बसतं.

१६. गाड्या शेजारून जाताना "धप्प" आवाज होऊन डबा हलतो. काही तुटतं का?

नाही. धावती गाडी पुढची हवा दाबून ढकलत असते. तिचं इंजिन तुमच्या खिडकीशी आलं की तो दाब डब्यावर आदळतो, आणि लगेच मागे दाब कमी होऊन डबा तिच्याकडे ओढल्यासारखा होतो. शेवटचा डबा जाताना उलट झटका बसतो. बोगद्यात हवेला पसरायला जागा नसल्याने कानठळ्या बसतात. ठाण्याच्या पुढचा पारसिक बोगदा दोन रुळांचा आहे, तिथे हे अनुभवता येतं. कोकण रेल्वेच्या एकेरी बोगद्यांत दोन गाड्यांची गाठ पडत नाही. तिथे ऐकू येतो तो आपल्याच गाडीने दाबलेल्या हवेचा आवाज.

१७. दोन्ही गाड्यांचे ड्रायव्हर एकमेकांना झेंडे आणि दिवे का दाखवतात? ओळख असते म्हणून?

ओळख असेलही, पण ते कर्तव्य आहे. लोको पायलटला स्वतःच्या गाडीची मागची बाजू नीट दिसत नाही. शेजारून जाणारा ती पूर्ण पाहू शकतो: कुठे धूर येतोय का, चाकाचा आस तापून लाल झालाय का, काही लोंबतंय का. सगळं ठीक असेल तर दिवसा हिरवा झेंडा, रात्री हिरवा दिवा. गार्डही हेच करतो. त्याचं पदनाम २०२२ पासून ट्रेन मॅनेजर आहे. रात्री समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून इंजिनाचा मोठा दिवाही मंद करतात.

इंजिनावर पिवळा दिवा उघडझाप करत असेल तर अर्थ उलट आहे: माझ्या गाडीला काही झालंय, शेजारचा रूळ कदाचित अडलाय, थांब. तो दिसला की समोरच्याने ब्रेक लावायचाच. अपघात झाल्यावर गाडीतले कर्मचारी रुळावर धावत जाऊन ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन असे चाकाखाली फुटणारे इशाऱ्याचे फटाके लावतात, तेही शेजारच्या रुळावरून येणाऱ्या गाडीला थांबवण्यासाठी.

१८. शेजारची गाडी हलली की आपलीच चालू झाली असं का वाटतं?

खिडकीभर दिसणारं दृश्य सरकलं की मेंदू ते स्थिर धरतो आणि आपण सरकतोय असा निष्कर्ष काढतो. दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून झाड किंवा खांब पाहा, भास जातो. या भासापोटी घाईने चढायला धावणारे आणि पडणारे लोक मी पाहिलेत, म्हणून हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही.

१९. गाडी लूपपेक्षा लांब असेल तर?

लूपच्या दोन्ही टोकांना, दोन रूळ जिथे एकमेकांजवळ येतात तिथे एक खूण असते, फाउलिंग मार्क. संपूर्ण गाडी दोन खुणांच्या आत मावली तरच शेजारून दुसरी सुरक्षित जाऊ शकते. लूप साधारण पाऊण किलोमीटरच्या आसपासचे असतात. प्रवासी गाड्या त्यात बसतात. दोन मालगाड्या जोडून केलेली लांब गाडी मावत नाही. मग तिला मुख्य रुळावरून सरळ काढावं लागतं, आणि समोरून येणारी प्रत्येक गाडी लूपमध्ये जाते, मग ती राजधानी का असेना. प्रश्न ४ मधल्या क्रमाला हा खरा अपवाद.

२०. कसारा आणि कर्जतच्या घाटात तीन रूळ आहेत. तिथे क्रॉसिंग नसतंच ना?

दुहेरी मार्गावर प्रत्येक रुळाची दिशा ठरलेली असते. गाडी डाव्या रुळाने जाते आणि समोरची उजवीकडून, न थांबता. घाटात गाड्या चढावर हळू असतात आणि मागे जोडलेली इंजिनं रिकामी खाली परततात. म्हणून तिसरा रूळ गरजेप्रमाणे दोन्ही दिशांना वापरता येतो. थांबावं लागलं तर कारण क्रॉसिंग नसून पुढची गाडी असते. आपल्या लहानग्या माथेरानच्या गाडीला मात्र क्रॉसिंग आहे. वर जाणारी आणि खाली येणारी जुम्मापट्टीसारख्या स्थानकात एकमेकींना वाट देतात.

२१. क्रॉसिंगमुळे तीन तास उशीर झाला. पैसे परत मिळतात का?

तुम्ही जिथे चढणार तिथेच गाडी तीन तासांहून जास्त उशिरा येत असेल आणि तुम्ही प्रवासच केला नाही, तर पूर्ण परतावा मिळतो. त्यासाठी गाडी तिथून सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा लागतो. एकदा गाडीत बसलात आणि वाटेत उशीर झाला, तर त्याचा परतावा नाही.

२२. दोन तास रखडलेली गाडी वेळेवर पोचलेलीही पाहिली आहे. हे कसं?

वेळापत्रकात क्रॉसिंगचा वेळ आधीच मिळवलेला असतो. शेवटच्या टप्प्यात काही मिनिटं मोकळीही ठेवतात. प्रवाशांच्या वेळापत्रकात दोन स्थानकांमध्ये नेहमीपेक्षा जास्त वेळ दिसला, की बहुधा तिथे एखादं ठरलेलं क्रॉसिंग लपलेलं असतं. ते थांबे कर्मचाऱ्यांच्या वेळापत्रकात असतात, आपल्या नाही.

२३. मग आपलं क्रॉसिंग कुठे पडेल हे घरबसल्या काढता येईल का?

बरंचसं. चौकटीचा कागद घ्या. उभ्या बाजूला स्थानकं, शक्यतो खऱ्या अंतराच्या प्रमाणात, आणि आडवी वेळ. तुमच्या गाडीच्या वेळा टिंबांनी मांडून रेघ ओढा, मग समोरून येणाऱ्या दोन-तीन गाड्यांच्या. प्रत्येक छेदाच्या जवळचं स्थानक हे तुमचं संभाव्य क्रॉसिंग. प्रवासाच्या दिवशी समोरची गाडी किती उशिरा आहे ते रेल्वेच्या ॲपवर पाहा आणि तिची रेघ तेवढी उजवीकडे सरकवा. छेद दोन स्थानकांच्या बरोबर मध्ये आला, तर दोघींपैकी एक नक्की थांबणार. कोणती, ते प्रश्न ४ आणि १९ वरून ताडून पाहा. वीरच्या उत्तरेला, रोह्यापर्यंत, छेद कुठेही पडला तरी चालतो. तिथे दुसरा रूळ आहे.